अर्थव्यवस्था शिकायची तर आधी कांद्याचा हिशेब मांडा

अकरावीला किंवा एफवायला अर्थशास्त्र पहिल्यांदा हाती आलं की बरीच मुलं व्याख्या पाठ करायला घेतात. आमचा आग्रह आहे, आधी एक वस्तू धरा आणि तिचा हिशेब वहीत मांडा. ठाणे-नवी मुंबईकरांसाठी कांदा सगळ्यांत सोयीचा. घाऊक भाव वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीत ठरतो, किरकोळ भाव जांभळी नाक्यावर दिसतो.

समजा, नाशिककडच्या शेतकऱ्याला किलोमागे १५ रुपये मिळाले, एपीएमसीत तो २२ ने गेला, ठाण्यात गिऱ्हाइकाने ३५ ला घेतला. देशाच्या उत्पादनात यातले किती धरायचे? १५, २२ आणि ३५ मिळून ७२ हे उत्तर हमखास येतं आणि ते चूक आहे, कारण शेतकऱ्याचे १५ त्यात तीनदा मोजले जातात. प्रत्येक टप्प्यावर पडलेली भर तेवढी धरायची: १५ अधिक ७ अधिक १३, म्हणजे ३५. त्या १५ मधलं बियाणं-खत सुटं काढलं, तरी ते देशातच बनलं असेल तर बेरीज ३५च राहते. सकल देशांतर्गत उत्पादन म्हणजे या भरींची बेरीज.

आता ते १३ रुपये जातात कुठे? ५० किलोची गोणी २२ च्या भावाने ११०० ला पडते. त्यातले ४ किलो सडके, कोंब आलेले निघाले तर विकायला उरतात ४६. म्हणजे टेम्पोचं भाडं, हमाली, गाळ्याचं भाडं धरण्याआधीच किलोचा खर्च जवळपास २४ वर गेला. पावसाळ्यात नासाडी वाढते, तेव्हा हा आकडा आणखी चढतो. ‘सगळं दलाल खातात’ असं उत्तरपत्रिकेत लिहिण्याआधी ही गोणी आठवा.

महागाईच्या दरात तर भलेभले घसरतात. भाव २० वरून ३० झाला, वाढ ५० टक्के. पुढच्या वर्षी ३० वरून ३३ झाला, वाढ १० टक्के. महागाईचा दर उतरला, पण कांदा स्वस्त झालेला नाही.

मग रिझर्व्ह बँक काय करते? २०१६ पासून पतधोरण समितीत सहा सदस्य असतात आणि किरकोळ महागाई ४ टक्क्यांवर, फार तर २ टक्के वर-खाली, ठेवण्याचं लक्ष्य असतं. समिती रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचं कर्ज देते तो दर, ठरवते. बँकांची बदलत्या व्याजाची नवी गृहकर्जं ऑक्टोबर २०१९ पासून रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडलेली आहेत. घोडबंदर रोडवरच्या घरासाठी ४० लाखांचं, २० वर्षांचं कर्ज असेल आणि व्याज ८.५० वरून ८.७५ झालं, तर हप्ता सुमारे ६३५ रुपयांनी वाढतो. बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवली जाते. घरातला खर्च आवरला जातो, मागणी थंडावते. पण अवकाळीने साठवणुकीच्या चाळीतला कांदा भिजला असेल तर रेपो वाढवून तो परत येत नाही. मागणीतून आलेली महागाई आणि पुरवठा तुटल्याने आलेली महागाई वेगळी ओळखता येणं, आमच्या मते, पहिल्या वर्षातलं सर्वांत मोलाचं कौशल्य आहे.

आकड्यांसाठी राज्याची आर्थिक पाहणी वाचा. ती अर्थसंकल्पाच्या सुमारास येते आणि मराठीतही मिळते. सुरुवातीला एकच प्रकरण घ्या, कृषीचं. तक्ता वाचताना आधी वर्ष आणि एकक पाहा, आणि किमती चालू (त्या-त्या वर्षीच्या भावाने) आहेत की स्थिर (एकाच ठरावीक वर्षाच्या भावाने), ते पाहूनच दोन आकड्यांची तुलना करा.