रात्रीची भांडी आणि पावसाळ्यातले कपडे: घरकामात मन रमवायचं कसं

घरकामात आनंद शोधायचा तर मंद संगीत लावा, असला सल्ला हमखास मिळतो. तो सोडून द्या. काम नीट जमलं की मन आपोआप रमतं, आणि न जमण्याची कारणं बहुतेक साधी असतात. एक अट मात्र आधी: घरातलं सगळंच एका बाईच्या गळ्यात असेल, तर तिला 'आनंद मान' म्हणणं शुद्ध आगाऊपणा आहे. आधी कामं वाटून घ्या, मग पुढचं वाचा.

आठवडाभर एकच काम धरा. पंधरा मिनिटांत संपणारं आणि संपलेलं डोळ्यांना दिसणारं हवं. 'घर आवरणं' चालणार नाही, त्याला शेवटच नसतो. रात्रीची भांडी उत्तम.

खरकटं आधी ओल्या कचऱ्यात काढा. मग पेले, कप, ताटं-वाट्या आणि सगळ्यात शेवटी तेलकट कढई. क्रम उलटा झाला की कढईचं तेल घासणीला लागतं, पेले धुरकट राहतात आणि चिडचिड सुरू होते. दुधाचं पातेलं गार पाण्यात भिजवा. गरम पाण्याने दूध आणखी घट्ट चिकटतं. स्टीलची कढई करपली असेल तर तिच्यात दोन पेले पाणी आणि मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून पाच-सात मिनिटं उकळा, निवल्यावर लाकडी उलथन्याने खरवडा. अ‍ॅल्युमिनियमवर हे करू नका, काळं पडतं. सिंक खोल असेल तर तळाशी परात उपडी घालून तिच्यावर टब ठेवा. निम्मा वैताग कंबरेचा असतो.

आता मन कुठे ठेवायचं? फोन बाहेरच्या खोलीत, लक्ष बोटांत. तेलकट ताटावर बोट घसरतं, स्वच्छ ताटावर कर्रकन वाजतं. तो आवाज येईपर्यंत घासायचं आणि तो ऐकायचा, इतकंच. मन भरकटणारच, पुढचं भांडं हातात घेताना परत आणा.

नळ बंद करताना पाणी कुठून आलं ते आठवा. नवी मुंबईकरांसाठी ते खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण, धावरी नदीवरचं. 'देवा, सगळ्यासाठी आभार' असं मोघम म्हटलं की चौथ्या दिवशी त्याचा मंत्र होतो; एक नाव घेतलं तर टिकतं. माणसांचंही तसंच. 'थँक्यू' पुरत नाही. 'तू डबे विसळून ठेवलेस, सकाळी माझी धावपळ वाचली,' असं नेमकं सांगा. कामाला मावशी येत असतील तर त्यांच्याबद्दलची कृतज्ञता पगारी सुट्टीत आणि खरकटं काढलेल्या ताटांत दिसू द्या.

दुसऱ्या आठवड्यात कपडे घ्या. ऐरोली असो की घोडबंदर रोड, जुलैत घडीला कुबट वास येतोच. कपडा फार वेळ ओलसर राहतो, त्यात जिवाणू वाढतात. जास्त पावडर टाकणं हा उपाय नव्हे. ती नीट निघत नाही आणि मळ धरून ठेवते. पावडर बेताची घाला, मशीन थांबताच कपडे काढा, जाडे कपडे पुन्हा एकदा पिळून घ्या. दोरीवर दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा, जीन्स उलटी वाळत घाला आणि पंखा थेट दोरीवर येऊ द्या. घडी घालण्याआधी शिवण आणि कमरेची पट्टी दाबून पाहा. गार लागली तर अजून ओली आहे. घडी मात्र सावकाश, बसून घाला. पुऱ्या वाळलेल्या सुती कपड्याचा वास नाकाजवळ नेऊन घ्यावा, पावसाळ्यात ती चैनच.

पितळेचे दिवे महिन्यातून एकदा पुरेत. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळा, चमचाभर मीठ घाला, लावून दहा मिनिटं ठेवा, घासा, धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर डाग उमटतात. सिडकोच्या जुन्या घरांत ओटा कडप्प्याचा असतो. त्यावर चिंच सांडू देऊ नका. तो चुनखडीचा दगड, आंबटाने पांढरट पडतो. दिवे परातीत ठेवूनच घासा.