दारावरच्या टकटकीपासून सुरुवात करा

नाशिकच्या कोर्टात लघुलेखक म्हणून नोकरी केली, निवृत्त झालो, आणि आता रोज रात्री साडेनऊला शिकवणी घेतो. विद्यार्थिनी एकच, माझी धाकटी बहीण. ती न्यू जर्सीत असते, तिच्याकडे तेव्हा दुपारचे बारा. तिला अमेरिकेचं नागरिकत्व घ्यायचंय आणि त्या मुलाखतीत तिथल्या राज्यघटनेवर तोंडी प्रश्न विचारतात. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची आहे. त्यातले जास्तीत जास्त वीस विचारतात, बारा बरोबर आले की पास. उत्तरं सरकारच छापून देतं. पण घोकलेलं आठवडाभरही टिकत नाही, हे आम्ही अनुभवलं. चौथी, पाचवी, सहावी दुरुस्ती यांची तिने पार खिचडी केली.

म्हणून आधी ‘दुरुस्ती’ हा शब्दच बाजूला ठेवा. काहीतरी बिघडलंय असं वाटतं त्याने. फिलाडेल्फियात १७८७ साली लिहिलेल्या मूळ घटनेत हक्कांची अशी यादी नव्हती. ती पहिल्या दहा दुरुस्त्यांनी १७९१ साली जोडली गेली. परीक्षेत आपण पुरवणी जोडायचो ना, तसं. आजवर अशा २७ पुरवण्या लागल्यात.

मग आकड्यांच्या मागे न लागता खटला धरा. फौजदारी केस जशी सरकते, तसे हक्क येतात.

दारावर टकटक. पोलीस आलेत. घराची झडती घ्यायची तर, काही अपवाद सोडून, न्यायाधीशाचं वॉरंट लागतं; त्यात कुठली जागा तपासायची आणि काय शोधायचं हे लिहिलेलं असावं लागतं. ही चौथी.

अटक झाली, चौकशी सुरू झाली. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती नाही, गप्प राहता येतं. ही पाचवी. आपल्याकडे राज्यघटनेचा अनुच्छेद २०(३) तेच सांगतो. सिनेमात पोलीस बेड्या घालताना ‘गप्प राहायचा तुला हक्क आहे’ अशी जी सूचना धडाधड म्हणतो, ती १९६६ च्या मिरांडा खटल्यातून आली. एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही, हेही पाचवीतच.

कोर्ट उभं राहिलं. लवकर आणि उघड सुनावणी, ज्युरी म्हणजे निकाल देणारे सामान्य नागरिक, वकील: सहावी. वकील परवडत नसेल तर? फ्लोरिडातल्या गिडियन नावाच्या कैद्याने तुरुंगातून पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. १९६३ साली निकाल लागला की, गंभीर गुन्ह्यात गरीब आरोपीला राज्याने वकील द्यायलाच हवा. ही गोष्ट सांगितल्यापासून बहीण सहावी विसरलेली नाही.

आठवी शिक्षेची: क्रूर शिक्षा नको, अवाच्या सवा जामीनही नको. जामीन खरं तर कितीतरी आधी येतो, पण त्यांनी तो इथे ठेवलाय. इथे ती हमखास अडते.

पहिली मात्र खटल्यात बसत नाही. तिच्यासाठी मी बहिणीला नाशकात फिरवतो. काळाराम मंदिर म्हणजे धर्म. रविवार कारंज्यावरचा पेपरवाला म्हणजे वृत्तपत्र. चहाच्या टपरीवरची वटवट म्हणजे भाषण. गोल्फ क्लब मैदान म्हणजे सभा. आणि मोर्चा जिथे जाऊन निवेदन देतो ती कलेक्टर कचेरी म्हणजे सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क. पाचही जागा तिच्या पायाखालच्या आहेत.

शब्दांत मात्र आपल्या कोर्टाचं ज्ञान नडतं, निदान मला नडलं. तिथे गुन्ह्यांचे दोन वर्ग: मोठा तो फेलनी, किरकोळ तो मिसडिमीनर. फेलनी म्हणजे दखलपात्र आणि मिसडिमीनर म्हणजे अदखलपात्र, असं मी ठोकून दिलं होतं. चूक. आपली विभागणी पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते का, यावर आहे, त्यांची शिक्षेवर. साधारणपणे एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकते तो गुन्हा फेलनी. ग्रँड ज्युरी या शब्दानेही तसंच फसवलं. आपल्याकडे तपासी अंमलदार दोषारोपपत्र दाखल करतो. तिथे केंद्राच्या गंभीर गुन्ह्यांत आरोप ठेवायचा की नाही हे नागरिकांची ग्रँड ज्युरी ठरवते. दोषी की निर्दोष हे ठरवणारी ज्युरी वेगळी.

अटक, आरोप आणि दोषसिद्धी हे तीन शब्द तर अर्ज भरण्याआधीच वेगळे करून घ्या. कधी अटक झाली होती का, असं अर्जात विचारतात. निर्दोष सुटलेला माणूस साहजिकच ‘नाही’ लिहितो. पण प्रश्न अटकेचा आहे, निकालाचा नाही. उत्तर ‘हो’ लिहायचं आणि सुटकेचा कागद जोडायचा. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर तिथल्या वकिलाला विचारा, माझ्यासारख्या भावाला नको.

आज रात्री ‘सेक्रेटरी’ घ्यायचाय. अमेरिकेत तो खात्याचा मंत्री असतो. बहिणीच्या डोळ्यांसमोर अजून आमच्या सोसायटीचे, पाण्याच्या टाकीवरून भांडणारे सेक्रेटरीच येतात.