नाताळला घरी निघण्याआधी पेपरांचे गठ्ठे कसे संपवावेत

घरापासून लांब नोकरी करणाऱ्या शिक्षकाचं तिकीट बहुतेक वेळा महिनाभर आधी काढलेलं असतं. चाचणीची तारीख मात्र ऐनवेळी ठरते आणि तिथेच सगळं बिनसतं. म्हणून कॅलेंडर प्रवासाच्या दिवसापासून मागे मोजत या.

समजा, चार वर्ग आहेत आणि प्रत्येकात 35 मुलं. म्हणजे 140 पेपर. एकाला सहा मिनिटं धरली तर 14 तास. वर्ग सांभाळून दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त नीट तपासणी होत नाही, म्हणजे सात दिवस गेले. शाळा शुक्रवारी सुटणार असेल तर चाचणी बरोबर दोन आठवडे आधीच्या शुक्रवारी घ्या. सोमवारी तपासायला बसलात की पुढच्या मंगळवारी गठ्ठा संपतो, बुधवारी गुण आणि शेरे भरता येतात. मधले शनिवार-रविवार यात धरलेले नाहीत. ते सर्दी-तापासाठी राखून ठेवा, कारण या दिवसांत वर्गात कुणी ना कुणी खोकत असतंच. चाचणी इतकी आधी घेणं जमत नसेल तर पेपर छोटा काढा. एक दीर्घोत्तरी प्रश्न वगळून पेपरामागे दोन मिनिटं वाचली, तरी साडेचार तासांहून जास्त वेळ सुटतो.

तपासताना एकेक पेपर पुरा करू नका. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. उत्तर डोक्यात ताजं राहतं, हात चालतो आणि गुणही सारखे पडतात. सुरुवातीच्या पाच पेपरांवर गुण पेन्सिलीने मांडा, कारण मुलांनी प्रश्न कसा समजून घेतलाय हे तिथेच कळतं आणि गुणांची विभागणी बदलावी लागते. प्रत्येक प्रश्नानंतर गठ्ठा पिसा, नाहीतर तळाच्या मुलांच्या वाट्याला दर वेळी दमलेला, चिडलेला हात येतो. कोऱ्या पानावरही तिरकी रेघ ओढा. गुण राहून जातात ते बहुधा शेवटच्या पानामागे लिहिलेल्या उत्तराचे किंवा सुटलेल्या पुरवणीचे. बेरीज दुसऱ्या दिवशी, ताज्या डोळ्यांनी.

गैरहजर मुलांसाठी फेरचाचणीचा एकच दिवस जाहीर करा, लगेच पुढचा बुधवार. प्रश्नपत्रिका वेगळी हवी. पहिली तोवर सगळ्यांना पाठ झालेली असते.

तपासलेले पेपर शेवटच्या दिवशी वाटू नका. त्या दिवशी निम्मा वर्ग मनाने सुट्टीवर गेलेला असतो, आणि ‘अर्धा गुण राहिला’ ही तक्रार मग तुम्ही प्रवासात असताना येते. गुरुवारी वाटा, शंका तिथल्या तिथे मिटवा.

शेवटच्या आठवड्यात नवा धडा सुरू करण्यात अर्थ नाही, सुट्टीनंतर तो पहिल्यापासूनच शिकवावा लागतो. सिनेमा लावण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण तिसऱ्या तासालाही सिनेमाच म्हटल्यावर मुलं पडद्याकडे बघतही नाहीत. पंधरा-वीस मिनिटांचे तुकडे करा: उजळणीचे कोडे, गटात प्रश्नमंजूषा, थोडं वाचन. हजेरी आणि बसायच्या जागा मात्र नेहमीच्याच ठेवा. ती घडी मोडली की आवाज आवरत नाही.

सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांच्या कामाच्या झेरॉक्स जाण्याआधीच काढून ठेवा. परतल्या दिवशी मशीनपुढे रांग असते, आणि परतीचा प्रवास लांबलाच तर बदली शिक्षकाला फोल्डर उघडून वर्ग चालवता आला पाहिजे. त्यात वर्गाची यादी, बसण्याचा तक्ता आणि उत्तरं हवीत. खोली बंद करताना मुलांचे कप्पे स्वतः उघडून बघा: विसरलेला डबा दोन आठवड्यांत काय होतो हे सांगायला नको. प्लग काढा, कुंड्या आणि मासे कुणाकडे तरी सोपवा.

शाळा सुटल्याच्या संध्याकाळचं विमान टाळा. एक रात्र मधे असू द्या, शेवटच्या दिवशी काहीतरी राहतंच. परदेशातून जात असाल तर नोकरीच्या देशात परत शिरण्याचा परवाना आणि पासपोर्टची मुदत आधीच्याच महिन्यात बघा, अनेक देश किमान सहा महिने शिल्लक मागतात. भेटवस्तूंना कागद घरी पोचल्यावर गुंडाळा, तपासणीत तो फाडावा लागू शकतो. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. साधारण 100 वॉट-तासांपर्यंतची वेगळ्या परवानगीशिवाय चालते, आणि 20,000 एमएएचची सुमारे 74 वॉट-तास भरते.

इतकं करूनही गठ्ठा उरलाच, तर तो सामानात टाकू नका. बॅग हरवली तर मुलांना दाखवायला काहीच उरत नाही. शाळेतच स्कॅन करा, मूळ पेपर कपाटात कुलूपबंद ठेवा आणि घरी कोणत्या दोन सकाळी तपासणार ते आधीच ठरवा.