सोलापूर खात खात पायी फिरवायचंय? मग असं फिरवा

पुण्यामुंबईचे पाहुणे आले की आपण काय करतो, गाडीत घालून सिद्धेश्वर मंदिर दाखवतो, चादर घेऊन देतो, शेंगा चटणीचं पाकीट हातात देतो आणि स्टेशनवर सोडतो. त्यात सोलापूर कुठं दिसलं? हे गाव चार भाषांत जेवतं, ते पायी फिरल्याशिवाय कळत नाही.

ग्रुप सहा-सात जणांचाच ठेवा, पूर्व भागातले बोळ लहान आहेत. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी, एप्रिल-मेच्या उन्हात पाहुण्यांचे हाल करू नका. दुपारी साडेतीनला निघायचं आणि सगळ्यांना आधीच सांगून ठेवायचं की प्रत्येक ठिकाणी दोनच घास, नाहीतर पहिल्याच घरी पोट भरतं आणि पुढं नुसतं चालणं होतं.

सुरुवात साखर पेठ, अशोक चौक बाजूनं करा. १८७७ साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली, मग आणखी मिल आल्या, माग वाढले, आणि तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबं इथं येत गेली ती इथलीच झाली. अजून बोळात शिरलं की आधी मागाचा खडखडाट आणि मग तेलुगू कानावर येतं. आता महत्त्वाचं सांगतो, इथलं खरं खाणं हॉटेलात नाही, घरात आहे, म्हणून ओळखीच्या एखाद्या अक्कांना दोन दिवस आधी विचारून ठेवायचं आणि पैसे ठरवूनच जायचं. मी एकदा न सांगता पाहुणे घेऊन गेलो होतो. अक्का दारात विड्या वळत बसलेल्या, सूप बाजूला ठेवून उठल्या, सगळ्यांना खाऊ घातलं, आणि नंतर माझ्या लक्षात आलं की विडीची मजुरी हजार विड्यांमागे मिळते म्हणजे आमच्यापायी त्यांचा अर्धा दिवस गेला. तेव्हापासून आधी पैसे, मग खाणं. फोटोसुद्धा विचारल्याशिवाय नाही.

सर्वपिंडी करायला सांगा, आणि पाहुण्यांना करताना बघू द्या. तांदळाचं पीठ, भिजवलेली हरभरा डाळ, शेंगदाणे, तीळ, कढीपत्ता, तिखट. गोळा गार पातेल्याच्या तळाला आतून हातानं थापायचा, बोटानं भोकं पाडायची, प्रत्येक भोकात तेल सोडायचं आणि झाकण ठेवून मंद गॅसवर. खालची बाजू लाल कुरकुरीत, वरची मऊ. सोबत अंबाडीची चटणी मागा, तेलुगूत तिला पुंटिकूरा म्हणतात, हे नाव पाहुण्यांना लक्षात ठेवायला लावा, पुढं कामाला येतं.

तिथून कन्ना चौक करत मधला मारुती आणि पुढं बाळीवेस. इथं एक चूक लय लोक करतात, कन्नड बोलणाऱ्यांनाही बाहेरून आलेले म्हणतात. अहो, सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, कन्नड इथं तेव्हापासून आहे! बाळीवेसमध्ये मल्लिकार्जुनाचं दर्शन घ्या आणि मग कडक भाकरी. ज्वारीची, पापडासारखी पातळ, वाळवून ठेवलेली, मोडली की कट्कन आवाज आला पाहिजे. शेंगा चटणी ओळखायची ती मुठीत दाबून, कुटून केलेली असेल तर तेल सुटून गोळा होतो, मिक्सरची असेल तर भुगाच राहतो. त्यावर दही घाला. कुणाच्या घरी बसायला मिळालं तर पुंडीपल्ल्या विचारा, म्हणजे परत तीच अंबाडी, डाळीकण्या घालून शिजवलेली. पाहुण्यांना इथं आपोआप पुंटिकूरा आठवतो, तुम्ही काही समजावत बसू नका.

हा क्रम उलटा करू नका. शाकाहारी घरं आणि देऊळ आधी, मटण शेवटी, बरोबरच्या शाकाहारी पाहुण्यांनाही मग लवकर निघता येतं.

अंधार पडला की मागं फिरून विजापूर वेस. वाटेत चार हुतात्म्यांची गोष्ट सांगा. १९३० ला इंग्रजांनी सोलापुरात लावलेला मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना फाशी. नावं एकापाठोपाठ एक सावकाश घ्या, चार पेठा फिरून आलेल्या माणसाला ती वेगळी ऐकू येतात. विजापूर वेशीत शिक कबाब उभ्यानंच खायचे, निखाऱ्यावरून काढले की लगेच, कांदा-लिंबाबरोबर, गार झाले की मजा गेली. रमजान असेल तर रात्री उशिरा या, गर्दी असेल पण ती रोषणाई बघण्यासारखी असते.

आणि कबाब भाजणाऱ्या चाचांना गिऱ्हाईक कमी असेल तेव्हा विचारा, घरी अंबाडीचं काय करतात. ते म्हणतील, अंबाडा ना, गोश्त में डालते.