जुन्या लिथियम बॅटऱ्या रिसायकलिंगला कशा द्याव्यात

मोबाइलच्या बॅटरीत धन बाजूला बहुधा लिथियम कोबाल्ट ऑक्साइड असतं आणि त्याच्या वजनातला सुमारे ६० टक्के भाग कोबाल्टचा. जगातला बहुतांश कोबाल्ट काँगोच्या खाणींतून येतो. बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकली की हा धातू हातचा जातो. शिवाय कचरागाडीत चेपली गेली तर ती पेटते.

आधी लेबल वाचा. ३.६ किंवा ३.७ व्होल्ट लिहिलं असेल तर आत कोबाल्ट वा निकेल असण्याची शक्यता जास्त. ३.२ व्होल्टची बॅटरी लोह फॉस्फेटची, तिच्यात हे दोन्ही नसतात. शिशाच्या बॅटऱ्या पूर्ण वेगळ्या ठेवा. त्यांच्या ढिगात लिथियमची एखादी गेली तर कारखान्यात आग लागते.

चार्ज उतरवा. उपकरण चालू ठेवून तो ३० टक्क्यांखाली आणला की पुरे, कारण ऊर्जा कमी तर आगीचा जोरही कमी. मिठाच्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला ऐकू नका: टर्मिनल गंजतात, हायड्रोजन सुटतो आणि आत चार्ज उरतोच. फुगलेली बॅटरी मात्र चार्जही करू नका आणि वापरूनही उतरवू नका.

सहज निघत असेल तरच काढा. मागचं झाकण नखाने उघडत असेल तर ठीक. गोंदाने चिकटवलेली बॅटरी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. आतला पातळ पडदा फाटला की दोन्ही ध्रुव एकमेकांना भिडतात आणि बॅटरी काही क्षणांत तापते. त्यापेक्षा डेटा पुसून अख्खा फोन द्या.

टर्मिनलवर टेप लावा. सगळ्यात जास्त टाळाटाळ होते ती इथेच. प्रत्येक बॅटरीची उघडी टोकं पारदर्शक टेपने झाका, पण लेबल झाकू नका. वर्गीकरण त्यावरूनच होतं. नाण्यासारख्या चपट्या सेलला दोन्ही बाजूंनी टेप हवा. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचे दोन्ही ध्रुव एकाच बाजूला असल्याने किल्ली किंवा दुसरी बॅटरी टेकली तरी शॉर्ट होतो. मग प्रत्येक नग वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत.

फुगलेली बॅटरी कोरडी वाळू भरलेल्या धातूच्या डब्यात, घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवा. झाकण घट्ट लावू नका, वायू साठून दाब वाढतो. ती कुरिअरनेही पाठवू नका. खराब लिथियम बॅटऱ्यांना विमान वाहतुकीत बंदी आहे.

देताना एक प्रश्न विचारा: धातू भट्टीत वितळवून काढता की आम्लात विरघळवून? भट्टीत कोबाल्ट, निकेल, तांबं मिळतं, पण लिथियम मळीत, म्हणजे भट्टीतल्या टाकाऊ गाळात, जातं आणि तिथून ते परत काढणं बहुधा परवडत नाही. आम्लाच्या पद्धतीत आधी बॅटऱ्या दळून काळी पूड करतात, आणि त्या पुडीतून लिथियमही परत मिळवता येतं. दोन्ही सोयी जवळ असतील तर दुसरी निवडा. फुगलेल्या बॅटऱ्या घेतात का, हे मात्र निघण्यापूर्वी फोनवर विचारून घ्या. बरीच केंद्रं त्या नाकारतात.