घरबसल्या दहावी-बारावी करायची म्हणताय? मग आधी हे गैरसमज काढून टाका

शाळेत न जाता ऑनलाइन दहावी-बारावी करता येते का हो, हा प्रश्न आपल्या कोल्हापुरात सारखा कानावर येतो. विचारणारे कोण, तर तालमीत दोन टाइम मेहनत करणाऱ्या पोराचे वडील, लग्नामुळं शिक्षण सुटलेल्या ताई, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगाव एमआयडीसीत शिफ्ट करणारी पोरं. तर करता येते, आणि सरकारी बोर्डातनंच करता येते. पण गैरसमज इतके पसरलेत की लोक एकतर घाबरून फॉर्मच भरत नाहीत नाहीतर एजंटाच्या तावडीत सापडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ओपन बोर्ड म्हणजे डुप्लिकेट, असं खूप जण म्हणतात. अजिबात नाही. ओपन बोर्ड म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. ते १९८९ साली सुरू झालं, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली आहे आणि सीबीएसईसारखंच देशपातळीवरचं बोर्ड आहे. त्याचं सर्टिफिकेट कॉलेजला चालतं, नोकरीला चालतं. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ओपनची पोरं बसू शकत नाहीत असं अजून सांगणारे भेटतात, पण तो अडथळाही आता निघालाय.

दुसरा गैरसमज जास्त नडतो. ऑनलाइन म्हणजे सगळंच घरात, परीक्षासुद्धा मोबाईलवर! तसं नसतंय. अ‍ॅडमिशन ऑनलाइन, पुस्तकं एनआयओएसच्या साइटवर फुकट, लेक्चर स्वयम् या सरकारी पोर्टलवर, २०२१ पासून त्यांचं व्हर्च्युअल स्कूलपण आहे, पण थिअरीचा पेपर केंद्रावर जाऊन पेनानंच लिहायचा आणि सायन्सचं प्रॅक्टिकलही केंद्रावरच द्यायचं. परीक्षा वर्षातनं दोनदा असते, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नाव घातलं की पाच वर्षं मुदत आणि नऊ संधी, त्यामुळं सगळे विषय एकदम काढायची सक्ती नाही, यंदा दोन पुढच्या वेळी तीन असं चालतं. कामावर जाणाऱ्या माणसासाठी याच्यासारखी सोय नाही असं मला मनापासून वाटतं. मात्र असाइनमेंटला वीस टक्के मार्क असतात, ते वेळेत अपलोड करा, फुकट घालवू नका.

युट्यूबवर अमेरिकेतल्या फ्री ऑनलाइन पब्लिक हायस्कूलचे व्हिडिओ बघून काही जण तिकडं चौकशी करतात. फ्लोरिडा व्हर्च्युअल स्कूल १९९७ पासून आहे, चांगलं आहे, पण ते फुकट आहे ते फ्लोरिडात राहणाऱ्या पोरांना, कारण खर्च तिथलं राज्य करतंय. कोल्हापुरात बसून ते फुकट मिळणार नाही. आपल्याकडं एनआयओएसला फी आहे, ती किती हे साइटवर बघा, कुणाच्या तोंडून ऐकू नका.

आता विषय, आणि इथं घाई करू नका. एनआयओएसमध्ये गणित न घेताही दहावी पास होता येतं, सर्टिफिकेटला पाच विषय लागतात, त्यात भाषा हवी. हे ऐकलं की पोरं खूश होतात आणि पेंटिंग, होम सायन्स घेऊन मोकळी होतात, आणि मग वर्षभरानं आयटीआयला चांगला ट्रेड किंवा पॉलिटेक्निक पाहिजे म्हटलं की अडतंय, कारण गणित-सायन्सच नाही. म्हणून आधी पुढं काय करायचंय ते ठरवा, त्या कोर्सचं माहितीपत्रक वाचा, मगच विषय टिक करा. पास व्हायला ३३ टक्के पुरतात हे खरं, पण डिप्लोमाला किमान ३५ मागतात, म्हणून ३३ वर थांबू नका. दहावीला मराठी माध्यम मिळतं, बारावीला मात्र आपल्या विषयाची पुस्तकं कुठल्या भाषेत आहेत ते आधी बघून घ्या.

स्टेट बोर्डात नापास झालेल्यांनी एक लक्षात ठेवा, ज्या विषयात पास आहात त्यातले जास्तीत जास्त दोन विषयांचे मार्क एनआयओएसकडं घेता येतात, म्हणजे पुन्हा सगळं लिहायला नको. आणि आपला १७ नंबरचा फॉर्म वेगळा बरं का, त्यात शाळेत न जाता स्टेट बोर्डाचीच परीक्षा द्यायची असते, आपल्याकडं ती कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येते. दोन्हीची गल्लत होते, म्हणून कुठला फॉर्म भरताय ते नीट विचारा.

एजंटांचं सांगतो. "एका वर्षात दहावी-बारावी दोन्ही, पास गॅरंटी" असं कुणी म्हटलं की तिथनं उठा. दहावी आणि बारावीच्या पूर्ण सर्टिफिकेटमध्ये दोन वर्षांचं अंतर लागतंय, त्यामुळं ही गॅरंटी खोटीच. फक्त पैशाचा प्रश्न नाही, पोराच्या हातात नकली मार्कशीट पडली की पुढं अ‍ॅडमिशनला, नोकरीला पडताळणीत ती पकडली जाते आणि त्याची वर्षं वाया जातात, याचा मला फार राग येतो. एनआयओएसची मार्कशीट डिजिलॉकर या सरकारी अॅपवर दिसते, कुणी दुसऱ्याच बोर्डाचं नाव सांगितलं तर तेपण तिथं आहे का तपासा.

फॉर्म स्वतः भरा, नाही जमलं तर नेट कॅफेत शेजारी बसून भरून घ्या. आधार, जन्मतारखेचा पुरावा, फोटो, सही, दहावी झाली असेल तर तिचं मार्कशीट, एवढं लागतं. दहावीला वय किमान १४ हवं. दाखल्यावर आणि आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, वडिलांचं नाव एकीकडं आहे आणि दुसरीकडं नाही असं असेल, तर फॉर्मच्या आधी दुरुस्त करा, नंतर फार हेलपाटे पडतात. अभ्यास केंद्र निवडताना घराजवळचं निवडा, तिथं जाऊन तास खरंच होतात का ते शिकणाऱ्या पोरांनाच विचारा. आणि मोबाईल नंबर, ईमेल स्वतःचाच घाला, कॅफेवाल्याचा नको, कारण हॉल तिकीट, ओटीपी, रिझल्ट सगळं त्याच्यावरच येतंय.