मंजुरीचे पत्र मिळाल्यानंतर

माणसांचा सहभाग असलेल्या आरोग्य संशोधनात नव्याने येणाऱ्यांना प्रस्ताव कसा लिहावा आणि संमतीपत्रात काय असावे, हे कोणीतरी शिकवतेच. मला लिहायचे आहे ते एथिक्स कमिटीची, म्हणजे सहभागींचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी हाती आल्यानंतरच्या काळाविषयी, कारण आमचा अभ्यास तिथेच अडला आणि त्याची सल अजून गेलेली नाही.

दीर्घकालीन आजाराचे रुग्ण औषधे नियमित घेतात का, हे आम्ही पाहत होतो. काम सुरू झाल्यावर मार्गदर्शकांनी सुचवले की नैराश्याची पीएचक्यू-९ प्रश्नावलीही भरून घ्यावी. प्रश्न अवघे नऊ आहेत, कमिटीला नंतर कळवू, असे ते म्हणाले. शास्त्रीयदृष्ट्या सूचना योग्यच होती. मात्र त्यातला नववा प्रश्न मरण बरे वाटण्याच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांविषयी आहे. उत्तर होकारार्थी आले, तर ते त्याच दिवशी कोण वाचणार, त्या व्यक्तीशी कोण बोलणार, तिला कोणाकडे पाठवणार आणि संमतीपत्रात दिलेल्या गोपनीयतेच्या हमीला अशा वेळी कोणती मर्यादा असणार, यांपैकी एकाही गोष्टीची तरतूद मंजूर आराखड्यात नव्हती. भरलेले कागद फाइलमध्ये साठत होते. कमिटीने काम थांबवले, त्या सहभागींशी आधी संपर्क साधायला लावला आणि ती उत्तरे विश्लेषणात घेऊ दिली नाहीत. तेव्हा मला राग आला होता. आज कमिटीचे बरोबर होते असेच म्हणेन.

बदल लहान की मोठा हे पानांवरून ठरत नाही. सहभागी व्यक्तीवर कोणता नवा भार पडतो, तिची कोणती नवी माहिती आपल्या हाती येते आणि त्यातून आपल्यावर कोणती जबाबदारी येते, यावरून ते ठरते. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या, जागतिक वैद्यकीय संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याच्या आजच्या आवृत्तीतही कमिटीच्या विचाराविना आणि मंजुरीविना आराखड्यात बदल करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. सहभागींवरचा तातडीचा धोका टाळण्यासाठी केलेला बदल हाच काय तो सर्वमान्य अपवाद, आणि तोही लगेच कळवावा लागतो. ‘नंतर कळवू’ असे कोणीही म्हटले, मग ते कितीही ज्येष्ठ असोत, तरी ऐकू नका. कागदोपत्री नाव त्यांचे असले तरी सहभागींसमोर तुम्ही बसलेले असता.

देखरेख अखेरपर्यंत का हवी, हे टस्कीगीच्या अभ्यासातून कळते. अमेरिकेत १९३२ मध्ये सुरू झालेल्या त्या अभ्यासात सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना खरे निदान सांगितले गेले नाही. पुढे पेनिसिलिन हा सर्वमान्य उपचार ठरल्यावरही तो त्यांना न देता अभ्यास १९७२ पर्यंत चालू ठेवला गेला. उपचार बदलले तरी आराखडा तोच राहिला आणि त्याला थांबवणारे कोणी नव्हते. माणसांवरील संशोधनाची नैतिक तत्त्वे मांडणारा १९७९ चा अमेरिकेतला बेलमाँट अहवाल याच प्रकरणानंतरच्या घडामोडींतून आला.

हे वाचून घाबरून जाऊ नका. दुरुस्तीचा अर्ज हा कमिटीच्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि किरकोळ धोक्याच्या बदलांसाठी बहुतेक ठिकाणी पूर्ण बैठकीची वाट पाहावी लागत नाही. कमिटीच्या कार्यालयात आधीच जाऊन विचारणाऱ्या नवख्या संशोधकाला मी कधी कोणी हाकलून दिलेले पाहिले नाही. ज्येष्ठांचा जुना अर्ज उतरवून काढण्यापेक्षा तिथली अर्ध्या तासाची चर्चा कितीतरी उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे. जाताना जुना आणि नवा मजकूर शेजारी शेजारी दिसेल असा आराखडा, बदलाचे कारण, सुधारित संमतीपत्र आणि आधीच सहभागी झालेल्यांची पुन्हा संमती घ्यावी लागेल का, याविषयीचे तुमचे म्हणणे लेखी घेऊन जा. मंजुरीचे पत्र येईपर्यंत नवा प्रश्न कोणालाही विचारू नका.